परातीतला फासा

६ जानेवारी, सोमवार

ही डायरी कारखान्याची. सभासदाला दर सालाला एक मिळती. मालक गेल्यापासनं सभासद मीच, पर आजवरच्या डायऱ्या चूल पेटवायला गेल्या. यंदा लिहितीय, कारण तोंडानं बोललं की सुनेला लागतं. कागदाला लागत न्हाय. शाळा तिसरीपर्यंत झालीय, तेवढी बास हाय.

मी प्रयागबाई, राहणार कळंब, तालुका इंदापूर. सध्या मुक्काम बारामती, लेकाच्या फ्लॅटवर, पायाला प्लास्टर. गोठ्यात शेणावरनं घसरले. रतननं, म्हणजे माझ्या म्हशीनं, मान वळवून एकदा बघितलं आन परत वैरणीत तोंड घातलं. जोतीराम, माझा लेक, त्याच दिवशी मला गाडीत घालून हितं घेऊन आला. म्हैस शेजारच्या म्हस्कूच्या दावणीला. डॉक्टर म्हणला, प्लास्टर फेब्रुवारीत काढू. म्हटलं, काढलं की कळंबची एसटी. जोतीराम काय बोलला न्हाय. त्याचा बाप बी असाच. नकार द्यायचा तो गप बसून.

अनितानं, सुनेनं, तिची खोली मला दिलीय. न्हाणीत धरायला लोखंडी दांडी ठोकून घेतली. मी काय लुळी हाय?

१२ जानेवारी, रविवार

आज घरात नाटक कंपनी आली. नात सोनम, कॉलेजात शिकती ती. तिची मैत्रीण मुबशिरा, हिच्या बापाचं हितंच कापडाचं दुकान हाय. आन सिद्धू म्हणून एक लांबडं पोरगं, इंदापूरचं. हॉलमध्ये सतरंजी टाकून बसली, प्रत्येकाच्या हातात फोन. म्हटलं, आपापल्या फोनात तोंड घालायला एका सतरंजीवर कशाला बसायचं?

पर न्हाय, बोलत होती. सोनम सांगती, "तुमी जंगलात हाय. समोर ओढा. पल्याड दिवा दिसतोय. काय करणार?" मग मुबशिरा म्हणती, मी पवून जाणार. ती म्हणे योद्धा. सिद्धू म्हणे जादूगार. शर्टाची बटणं खालीवर लावतंय आन जादूगार.

"आन पवता आलं का बुडाली, हे कसं ठरवायचं?" मी सोफ्यावरनं इचारलं.

सोनमनं फोन दाखवला. त्यात वीस बाजूंचा फासा हाय. बोट लावलं की गरगर फिरतो आन एक आकडा वर येतो. आकडा मोठा, काम झालं. आकडा बारका, बुडाली. दुसऱ्या ॲपात ज्याची त्याची कुंडली, ताकद किती, अक्कल किती, अंगावर जखमा किती. तिसऱ्यात जंगलाचा नकाशा. चौथं नुसतं आवाज काढायला. कोल्हे ओरडतात, वारा सुटतो. कोल्हं असं ओरडत न्हाय, मी सांगितलं. माझ्या घरामागं ऊस हाय, मला रोजचं हाय ते.

सिद्धूनं फासा टाकला, "अठरा!" म्हणला आन फोन छातीला धरला. माझा मोतीबिंदू काढल्यापासनं मला लांबचं घारीवानी दिसतं, जवळचंच दिसत न्हाय. त्याच्या पाठीमागं काचेचं कपाट.

"आठ हाय," म्हटलं. "फोन छातीला धरायच्या आधीच काचेत दिसला. आठ उलटा केला तरी आठच ऱ्हातो, बाळा."

पोरगं कानापत्तुर लाल झालं. मुबशिरा हसून लोळायला लागली. मी अनिताला हाक मारली, "पिठाची परात आण गं."

"आता परात कशाला?"

"आण तर."

मधोमध परात ठेवली. "फासा टाकायचा त्यो हिच्यात फोन ठेवून, सगळ्यांच्या डोळ्यादेखत. झाकून टाकला त्यो फासा न्हवं."

माझा बाप गुरव. कऱ्हाटीला आमच्या शिवारात म्हसोबा हाय, त्याचा कौल लावायचा. देवाच्या दोन्ही अंगाला ओली फुलं चिकटवायची, उजवं आधी पडलं तर व्हय, डावं पडलं तर न्हाय. त्यो बी माणसं समोर बसवूनच लावायचा. आता कुठल्या फुलाला पाणी किती लावायचं ते त्याच्या हातात होतं, ती गोष्ट येगळी.

अनिता दिवसभर कुरकुरत होती. परात तिच्या माहेरची, तिच्यावर तिच्या बापाचं नाव कोरलेलं. फोनानं चरे पडतील म्हणती. मग बापानं जाड पत्र्याची द्यायची.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. अनितानं तिळगूळ हातावर ठेवला आन म्हणली, "आई, गोड बोला." म्हटलं, बोलते. बाकीचं लिहून ठेवते.

१७ जानेवारी, शुक्रवार

म्हस्कूचा फोन. "काकी, रतन पान्हाच सोडंना. बायको धारंला बसली की लाथ झाडती."

"फोन तिच्या कानाला लाव."

लावला. मी म्हटलं, "रतने, नखरं बास. लाथ मारायची तर म्हस्कूला मार, बायको गरीब हाय त्याची. पर दूध दे." आन काय सांगू, चरवीत धार वाजलेली मला हितं बारामतीत ऐकू आली. मुंडी वर करून मी सगळ्यांकडं बघितलं.

"बघितलंस का, जोत्या? माझ्याबिगर तिचं चालत न्हाय."

जोतीराम म्हणला, "आये, आसं रोज फोनवर धार काढणार हायस का? एक गिऱ्हाईक आलंय. चांगला माणूस हाय. देऊन टाकू."

म्हटलं, आधी मला बाजारात उभी कर. मला किती दात हायत ते बघून बोली लावतील.

जेवताना भाजी बरी होती. हे मी बोलून दाखवलं न्हाय.

१९ जानेवारी, रविवार

पोरांचा एक गडी पुण्याला नोकरीला गेलाय म्हणं. खेळातल्या भुयारात एक राक्षस बसलाय, दोघांत त्याचं काय जमंना. सारखी मरायला टेकतात आन सोनमच त्यांना काय तरी खोटंनाटं करून वाचवती. मला बघवंना. म्हटलं, "पुढून जाताय कशाला? त्या राक्षसाला जेवायला कोण तरी देत असंल की. सैपाकघराचं दार कुठं हाय?"

तिघं एकमेकांकडं बघायला लागली. सोनम म्हणली, "सैपाकघर मी काढलंच न्हाय नकाशात." राक्षस काय हवा खातो का? मग तिनं तितंच बसून बोटानं सैपाकघर काढलं.

मुबशिरा मागं लागली, "आज्जी, तुमीच या ना आमच्यात. कोण व्हणार? योद्धा, वैद्य, चोर, चेटकीण?"

"चेटकीण म्हणायला शेजारणी हायत. वैद्य नको, मला रडकी माणसं आवडत न्हायती." मग म्हटलं, "चोर. जलमभर सरळ वागले, काय मिळालं ते बघतीयच. आता जरा चोरी करून बघते."

माझी कुंडली फोनात घातली. मी एक अट घातली, माझी म्हैस संगं यायला पायजे. सोनमनं सगळं ॲप धुंडाळलं. लांडगा हाय, घार हाय, अस्वल हाय, म्हैस न्हाय. ज्यानं बनवलं त्यानं दूध कधी प्यालं न्हाय वाटतं. सिद्धू म्हणला, अस्वलाचे आकडे घेऊ, नाव रतन ठेवू. ताकद एकोणीस. ठीक. अक्कल तीन.

"किती?"

"आज्जी, जनावराला तीनच असती."

"तुझी किती?"

"बारा."

"आन शर्टाचं बटण?"

त्यानं खाली बघितलं. रतनची अक्कल अकरा केली.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी खालच्या मैदानात झेंडा झाला, गॅलरीतनं बघितला. दुपारी आमी चौघं, म्हणजे रतन धरून, राक्षसाच्या सैपाकघरात शिरलो. मी राक्षसाच्या बायकोशी गप्पा मारल्या. सोनम बायकोचा आवाज काढत होती, तिला काय बोलावं सुचंना. तेवढ्यात आतनं अनिता ओरडली, "म्हणावं, माझी सासू घरात असती तर मी बी तुमच्यासंगं पळून आले असते!"

सगळी खो खो हसली. मी बी हसले, पर मग आठवलं की ती कुणाला बोलली.

तिथनं पुढं राक्षसांचा फासा अनिताच टाकती. कणकेचे हात पुसायचे, परातीतल्या फोनाला बोट लावायचं, आन माझ्यावर वीस पाडायचे. आज मला तिनं दोनदा जखमी केलं. जोर बघा बाईचा.

३० जानेवारी, गुरुवार

म्हस्कूचा फोन. म्हणला, "काकी, काळजी सोडा. रतन आता बायकोला रोज दूध देती. फोन लावायची बी गरज न्हाय. गळ्याला हात लावू देती."

म्हटलं, बरं झालं.

मला सोडून कुणाला गळ्याला हात लावू दिला न्हवता तिनं. जनावर ते जनावर. हरामखोर.

अनितानं च्या आणून ठेवला. त्याच्यात आज साखर जास्त होती.

२ फेब्रुवारी, रविवार

भुयारातनं बाहेर पडलो तर डोंगराखाली एक गाव लागलं. सोनमनं मन लावून सांगितलं. चिंचा हायत, विहिरीला पाणी हाय, एक रिकामं घर हाय, पुढं गोठा. गावातली म्हातारी माणसं माझ्या चोराला म्हणत्यात, बाई, तुमी दमलाय, हितंच ऱ्हावा. म्हशीला वैरण हाय. तुमाला कुणी काय म्हणणार न्हाय.

"आज्जी, सावकाश ठरव," सोनम म्हणली. "तिथं ऱ्हायलीस तर तुझ्या चोराची गोष्ट तिथं संपली. सुखात संपली. पुढं ही दोघंच जातील."

फासा टाकायचा न्हवता. नुसतं ठरवायचं होतं.

म्हटलं, "ऱ्हाऊन काय करू? विहिरीत तोंड बघत बसू? ह्या दोघांना पुढं सैपाकघराचं दार कोण दावणार? चला. रतन, हैक!"

सोनम माझ्याकडं बघत ऱ्हायली. म्हटलं, काय गं, तोंडाला काय लागलंय? न्हाय म्हणली, आन फोनात ओढ्याचा आवाज लावला. ओढा तर मागं ऱ्हायला होता. पोरगी घाबरली की कायबी आवाज लावती.

मी गेले ते पोरांसाठी. खेळ ऱ्हायला असता त्यांचा. बाकी काय न्हाय.

५ फेब्रुवारी, बुधवार

प्लास्टर निघालं. पाय आतनं वाळलेल्या वांग्यावानी निघाला. डॉक्टर म्हणला, घरातल्या घरात चाला, शेणामातीत नको.

घरी आल्यावर म्हटलं, "जोत्या, माझी पिशवी भर."

"आये, आता ऱ्हा की हितंच."

"कशाला ऱ्हाऊ? हितं दारात कुत्रं यायची सोय न्हाय. लिफ्टमधनं येतंय व्हय कुणी? माझं घर हाय तितं. म्हैस हाय."

"म्हैस धा जणांना दूध दील. तू पडलीस तर कोण उचलंल?"

दोन तास झालं, त्यो एक बोलतोय, मी एक बोलते. शेवटाला म्हटलं, माझ्या बापाकडं भाऊ भाऊ भांडून यायचे, कौल घेऊन गप जायचे. आपण बी कौल लावू. जोतीराम म्हणला, कऱ्हाटीला जायला सुट्टी न्हाय. म्हटलं, सोनमचा फासा हाय की घरात. त्यो देवाचा न्हाय, पर माणसाचा बी न्हाय. तेवढं बास हाय.

जोतीरामनं डोक्याला हात लावला. अनिता म्हणली, "लावा एकदाचा, मला मेथी निवडायचीय." रविवारी सगळ्यांदेखत लावायचं ठरलं. अकरा नायतर त्याच्या वर आलं की मी कळंबला. खाली आलं की हितं, आन म्हशीचा विषय जोतीराम सांगल तसा.

ह्यात माझं नुकसान काय न्हाय. मला जायचंच हाय.

९ फेब्रुवारी, रविवार

आज सगळं नीट लिहायचं हाय.

जेवणं झाली. परात मधी मांडली. मुबशिरा आन सिद्धू परकी म्हणून भिताडाला टेकून बसली. जोतीराम सोफ्यावर, शर्ट इस्त्रीचा, जसं काय कोर्टात आलाय. अनिता सैपाकघराच्या दारात. मी म्हटलं, मुबशिरा, तू टाक. ती म्हणली, "न्हाय आज्जी, मला तुमची हाय लागंल." सिद्धूच्या हातात तर कुणी देणारच न्हाय. म्हणून सोनमनं टाकला. उभी ऱ्हायली, बोट लावलं, फोनाकडं बघितलं.

"सतरा," म्हणली. "आज्जी, तू जिंकलीस. जा कळंबला."

जोतीराम फरशीकडं बघत होता. अनिताच्या हातात मेथीची जुडी तशीच. खाली कुणीतरी गाडी मागं घेत होतं, तिचं पिप्पिप तेवढं ऐकू येत होतं.

मुबशिरा म्हणली, "आज्जी, तुमाला आनंद न्हाय झाला?"

"झाला की."

"मग तोंड असं का?"

"माझं तोंड जलमापासनं असंच हाय."

माझा बाप म्हणायचा, कौल लावताना फुलाकडं बघू नको, माणसाच्या तोंडाकडं बघ, म्हणजे पुढच्या फुलाला पाणी किती लावायचं ते कळतं. सोनम तवा माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होती. मग मी खाली बघितलं. परात रिकामी.

"सोनम, फोन कुठं हाय?"

"हातात."

"आन ही परात कशाला मांडलीय? चपात्या करायच्यात?"

"आज्जी, सतरा आलं म्हटलं ना मी."

"सिद्धूला बी अठरा आलं होतं."

सिद्धूला ठसका लागला.

"ठेव परातीत."

ती हलंना. मी काठी टेकून उठले. लांबचं मला दिसतं, पर फोन तिनं उलटा धरलेला. मग तिनंच वाकून ठेवला. परात खण्णकन वाजली. मगाचाच आकडा वर होता. चार.

"चार," सिद्धू मोठ्यांदा म्हणला. पहिल्यांदा खरं बोललं पोरगं.

सोनम रडायलाच लागली. "तुलाच जायचं होतं ना! रोज तेच म्हणतीस. मला वाटलं, कौलानं अडकून पडलीस तर जलमभर शिव्या देशील आमाला."

"शिव्या मी तशा बी देणारच. पर गुरवाच्या पणतीनं खोटा कौल लावायचा? सगळ्यांदेखत? परात मांडून?" मला लई राग आला होता. "नियम म्हंजे नियम. चार म्हंजे चार. आता ऱ्हावं लागतंय मला हितं. काय इलाज हाय का माझ्यापाशी?"

जोतीराम उठून गॅलरीत गेला. डोळ्यात धूळ गेली म्हणला. तिसऱ्या मजल्यावर कसली धूळ?

अनितानं पुढं होऊन फोन उचलून सोनमला दिला आन परात उचलली. "बास झाला खेळ. पीठ मळायचंय मला. दर रविवारी माझी परात अडकती. खेळाला दुसरी घ्यावी लागंल."

"घे की," म्हटलं. "जाड पत्र्याची घे."

तरी मला वाटतंय, अकरा म्हणायच्या ऐवजी आमी अठरा ठरवायला पायजे होतं. म्हणजे सोनमचं सतरा बी कमीच पडलं असतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

जोतीरामनं म्हस्कूला फोन लावला. म्हटलं, दे हिकडं, म्हशीचं मी बोलते. "म्हस्कू, गिऱ्हाईकाला सांग दुसरीकडं बघ. रतन तुला अर्धलीनं दिली. दूध तुझं, वैरण तुझी, होईल त्या रेडकात निम्मा वाटा माझा. आन तिला सांग, मी काय रुसले न्हाय."

जोतीराम म्हणला, कौलात म्हशीचा विषय माझ्याकडं होता की. म्हटलं, मग सांग, काय करू? त्यो म्हणला, अर्धलीनं दे. शहाणं हाय माझं पोरगं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अनिता बाजारातनं नवी परात घेऊन आली. दाबून बघितली, पत्रा चांगला हाय. भांड्यावाल्याकडनं नाव बी घालून आणलंय. डोळ्यापासनं लांब धरून वाचलं. 'श्रीमती प्रयागबाई, बारामती.'

म्हटलं, "अगं, कळंब घालायचं होतंस."

"भांड्यावाल्यानं इचारलं, मी सांगितलं. आता कोरलंय, आई. खोडून आणू का?"

कोरलेलं कुठं खोडत असत्यात. उगी परातीला भोक पडायचं. ऱ्हाऊ दे म्हटलं.